जिच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिच्या नावाचा ग्लास आज अख्खं पुणं पितं

एप्रिल-मे महिन्यातली संध्याकाळ. पुण्यातल्या सदाशिव पेठेत निंबाळकर तालीम चौकात सुजाता मस्तानीसमोर गर्दी झालेली असते. कुणी आंबा मस्तानी सांगतं, कुणी पिस्ता, कुणी सीताफळ, तर बारकी पोरं चॉकलेटवर अडून बसतात. उंच ग्लास येतो. खाली घट्ट मिल्कशेक, वर आईस्क्रीमचा गोळा, त्यावर काजू-बदामाचे काप. आधी चमच्यानं खायचं आणि मग प्यायचं, अशी ही पुण्याची खास गोष्ट.

याला मस्तानी नाव का पडलं, याच्या दोन गोष्टी सांगतात. पहिली अशी की पिणारा पहिल्या घोटालाच मस्त म्हणायचा, त्यावरून मस्तानी झालं. दुसरी अशी की बाजीराव पेशव्यांची मस्तानी जशी देखणी, तसाच हा ग्लास देखणा, म्हणून मस्तानी.

पहिली गोष्ट खरी माना किंवा दुसरी, पण हे नाव घेतलं की डोळ्यासमोर तीच येते. आणि गंमत बघा, तिच्या काळात याच पुण्यातल्या सोवळ्या घरांमध्ये तिच्या हातचं पाणी सुद्धा चाललं नसतं.

तिच्या आयुष्यातल्या शेवटच्या दोन महत्त्वाच्या जागा पुणे शहरात नाहीत. एक आहे दौंड तालुक्यातलं पाटस आणि दुसरी शिरूर तालुक्यातलं पाबळ. पाटसला तिची आणि बाजीरावांची ताटातूट झाली. पाबळला ती आजही आहे, कबरीत.

तर गोष्ट सुरू होते पुण्यापासून खूप लांब, बुंदेलखंडात.

साल १७२९. बुंदेलखंडाचे राजे छत्रसाल तेव्हा ऐंशीच्या घरात होते. अलाहाबादचा मुघल सुभेदार मोहम्मद खान बंगश मोठी फौज घेऊन त्यांच्यावर चालून आला होता. म्हाताऱ्या राजाचा निभाव लागेना. त्यांनी बाजीरावांकडे मदतीचा निरोप धाडला. मगरीच्या तोंडात सापडलेल्या गजेंद्राला वाचवायला विष्णू धावले होते, तसं धावून या, अशा अर्थाचा तो निरोप होता असं सांगतात.

बाजीरावांचं वय तेव्हा २८. ते जवळच गढा-मंडल्याच्या भागात होते. ते झपाट्यानं बुंदेलखंडात पोहोचले, बंगशालाच जैतपूरच्या किल्ल्यात कोंडलं आणि त्याची रसद तोडली. बंगशाला माघार घ्यावी लागली.

छत्रसालांनी बाजीरावांना आपला तिसरा मुलगा मानलं आणि राज्याचा तिसरा हिस्सा दिला. बुंदेलखंडात मराठ्यांचे पाय रोवले गेले ते इथून. याच घडामोडीत मस्तानी बाजीरावांच्या आयुष्यात आली, असं मानलं जातं.

आता ती नेमकी कोण होती, यावर दोन मतं आहेत. बुंदेलखंडातली परंपरा सांगते की ती छत्रसालांची मुसलमान पत्नीपासून झालेली मुलगी. छत्रसाल स्वतः महामती प्राणनाथांचे शिष्य, म्हणजे प्रणामी संप्रदायाचे. या पंथात कृष्णभक्ती आहे आणि कुराणालाही मान आहे. त्यामुळे अशा घरातली मुलगी दोन्ही धर्मांच्या वातावरणात वाढली असेल, यात नवल नाही. दुसरं मत सांगतं की ती दरबारात नाचणारी कलावंतीण होती. एका फारसी बखरीत तिचा उल्लेख कंचनी, म्हणजे नर्तकी, असाच येतो.

पण तीच फारसी बखर आणखी एक गोष्ट सांगते. ही बाई घोड्यावर बसण्यात आणि तलवार-भाला चालवण्यात तरबेज होती. बाजीरावांसोबत ती मोहिमांवर जायची आणि त्यांच्या घोड्याला घोडा लावून चालायची. म्हणजे नाचगाण्याच्या पलीकडेही तिची ओळख होती.

मराठी कागदपत्रांत तिचं नाव पहिल्यांदा येतं ते जानेवारी १७३० मध्ये, बाजीरावांचे थोरले चिरंजीव नानासाहेब यांच्या लग्नाच्या निमित्तानं. त्याच महिन्यात, १० जानेवारी १७३० ला, शनिवारवाड्याचा पाया घातला गेला. दोन वर्षांनी, २२ जानेवारी १७३२ ला, वाड्याची वास्तुशांत झाली. मस्तानीला सुरुवातीला याच वाड्यात जागा मिळाली. वाड्याच्या एका दरवाज्याला आजही मस्तानी दरवाजा म्हणतात.

जागा मिळाली खरी, पण घर मिळालं नाही.

पेशव्यांचं घर चित्पावन ब्राह्मणांचं. घरात बाजीरावांच्या आई राधाबाई, धाकटे भाऊ चिमाजी अप्पा आणि पत्नी काशीबाई. देवघर, सोवळं, व्रतवैकल्यं सगळं कडक. त्या काळी कोण कुणाच्या हातचं पाणी पितो आणि कोण कुणाच्या पंगतीला बसतो, यावरच माणसाची समाजातली जागा ठरायची. मुसलमान मानल्या गेलेल्या बाईला त्या पंगतीत जागा असणं शक्यच नव्हतं.

त्यात बाजीराव मांस खातात, मद्य घेतात, अशी चर्चा गावभर होती. मोहिमेवर शिपायांबरोबर राहणाऱ्या माणसाला या सवयी लागणं तसं नवीन नव्हतं. पण घरच्यांनी आणि पुण्याच्या ब्रह्मवृंदानं त्याचा ठपका ठेवला मस्तानीवर. तिच्यामुळे रावसाहेब बिघडले, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

१७३४ मध्ये तिला मुलगा झाला. त्याचं नाव कृष्णराव. बाजीरावांची इच्छा होती की याचीही आपल्या इतर मुलांसारखी मुंज व्हावी. पुण्याच्या ब्राह्मणांनी साफ नकार दिला. अटकेच्या दिशेनं मराठ्यांचे घोडे दौडवायचं स्वप्न बघणारा पेशवा आपल्याच गावात आपल्या पोराची मुंज लावू शकला नाही. पुढे तो मुलगा समशेर बहादूर या नावानं ओळखला जाऊ लागला.

त्याच वर्षी बाजीरावांनी मस्तानीसाठी कोथरूडला वेगळा वाडा बांधला. तेव्हा कोथरूड पुण्याबाहेरचं खेडं होतं. आज कर्वे रस्त्यावर जिथे मृत्युंजयेश्वराचं मंदिर आहे, ती ही जागा. वाडा राहिला नाही, पण त्याचे कोरीव खांब आणि भाग राजा दिनकर केळकर संग्रहालयात मस्तानी महाल म्हणून पुन्हा उभे केलेले आहेत. पुण्यात आलात तर बघायला विसरू नका.

वाड्याबरोबर तिला उत्पन्नासाठी गावंही मिळाली होती. पाबळ, केंदूर आणि लोणी. यातलं पाबळ आणि केंदूर आज शिरूर तालुक्यात येतं. म्हणजे शिरूरच्या मातीशी तिचं नातं मरणाच्याही आधीपासूनचं.

यानंतरची काही वर्षं बाजीरावांच्या नावानं हिंदुस्थान दणाणला. १७३७ ला दिल्लीच्या वेशीवर धडक, पाठोपाठ भोपाळला निजामाची कोंडी. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. बाहेर सगळीकडे जय आणि घरात मात्र धुसफूस, असं चित्र होतं.

१७३९ च्या अखेरीस हे भांडण टोकाला गेलं. राधाबाई, चिमाजी अप्पा आणि जेमतेम १८-१९ वर्षांचे नानासाहेब यांनी ठरवलं की या दोघांना आता वेगळं करायचंच. मस्तानीवर पुण्यात नजर ठेवली जाऊ लागली. बाजीराव पुण्यातून निघाले आणि पाटसला जाऊन राहिले.

पाटस म्हणजे पुणे-सोलापूर रस्त्यावरचं गाव. आज लोक त्याला भीमा पाटस साखर कारखान्यामुळे ओळखतात. पुण्याहून साधारण ६० किलोमीटर. गाडीनं दीड तासाचा रस्ता, पण तेव्हा घोड्यावर दिवसभराची मजल.

नोव्हेंबर १७३९ च्या सुरुवातीला मस्तानी पहारा चुकवून पुण्यातून निसटली आणि थेट पाटसला बाजीरावांकडे पोहोचली.

जरा विचार करा. राज्यातल्या सगळ्यात ताकदवान घराच्या पहाऱ्यातून निघायचं, दिवसभराचा रस्ता तुडवायचा, आणि सापडलो तर काय होईल हे माहीत असतानाही जायचं. तिच्या रूपाच्या कथा सगळे सांगतात, या धाडसाबद्दल कमी बोललं जातं.

पाटसचे दिवस फार थोडे ठरले. पुण्याहून घरातली भरवशाची, जाणती माणसं पाटसला आली. त्यांनी बाजीरावांना समजावलं, घराण्याची अब्रू, आईचा जीव, सगळं पुढे केलं. अखेर बाजीरावांनी मस्तानीला पुण्याला परत पाठवायचं कबूल केलं.

मोठमोठ्या फौजांना वाकवणारा माणूस इथे घरच्यांपुढे वाकला. त्यानंतर दोघांची पुन्हा भेट झाली नाही.

बाजीराव लगेच मोहिमेवर निघाले. निजामाचा मुलगा नासिरजंग गोदावरीच्या बाजूला उभा होता. ते तिकडे लढत असताना, जानेवारी १७४० मध्ये, पुण्यात मस्तानीला पर्वतीच्या बागेत कैदेत ठेवलं गेलं.

फेब्रुवारीत पेशव्यांच्या घरात दोन कार्यं होती. बाजीरावांचा मुलगा रघुनाथ, म्हणजे पुढचे राघोबादादा, याची मुंज आणि चिमाजींचा मुलगा सदाशिव, म्हणजे पानिपतचे भाऊसाहेब, याचं लग्न. बाजीरावांसारखा बाटलेला माणूस हजर असेल तर आम्ही विधी करणार नाही, असा पवित्रा भटजींनी घेतला होता. पेशव्यांच्या घरचं कार्य आणि त्यात पेशव्यांनाच मज्जाव, अशी ती गत. छत्रपती शाहू महाराजांना मात्र मस्तानीला कोंडून ठेवणं पसंत नव्हतं. बाजीरावांचं मन दुखवू नये, असं त्यांचं मत होतं. पण घरचे मागे हटले नाहीत.

२७ फेब्रुवारी १७४० ला मुंगी-पैठणला नासिरजंगाशी तह झाला. हंडिया आणि खरगोण हे परगणे बाजीरावांना मिळाले. पुण्याला न येता ते त्याच नव्या मुलखाची व्यवस्था लावायला नर्मदेकडे निघून गेले.

नर्मदेकाठी रावेरखेडीला त्यांना ताप भरला. काशीबाई आणि लहानगा जनार्दन त्यांच्याजवळ होते. २८ एप्रिल १७४० ला बाजीरावांनी प्राण सोडला. वय अवघं ३९.

मस्तानी त्यानंतर फार दिवस जगली नाही. तिचा शेवट पाबळला झाला. कुणी सांगतं तिनं अंगठीतला हिरा गिळला, कुणी म्हणतं विष घेतलं, कुणी म्हणतं बातमी ऐकून धक्क्यानंच गेली. ती सती गेली असंही काही जण सांगतात, पण पाबळला तिची कबर आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात चिमाजी अप्पाही गेले. ज्या भांडणानं घर पोखरलं, त्यातली तीन माणसं एका वर्षात संपली.

बाजीरावांची समाधी रावेरखेडीला, मस्तानीची कबर पाबळला. मध्ये शेकडो किलोमीटर.

मागे उरला सहा वर्षांचा समशेर. तो पेशव्यांच्या घराण्यातच वाढला, लढाया लढला. त्याला बुंदेलखंडातला बांदा आणि काल्पीकडचा मुलूख मिळाला. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर तो भाऊसाहेबांच्या बाजूनं लढला. म्हणजे ज्या भावाच्या लग्नाच्या वेळी आपली आई कैदेत होती, त्याच भावाच्या निशाणाखाली. तिथे तो जबर जखमी झाला आणि सूरजमल जाटांच्या मुलखात डीगला त्याचा मृत्यू झाला. मुंज नाकारलेल्या पोरानं मराठ्यांसाठी जीव दिला, तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

त्याचा मुलगा अलीबहादूर बुंदेलखंडात गेला आणि बांद्याचं नबाब घराणं उभं राहिलं. याच घराण्यातला दुसरा अलीबहादूर १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उभा राहिला आणि त्यात त्यानं आपली गादी गमावली.

आता पुन्हा त्या ग्लासाकडे येऊ.

मस्तानीच्या रूपाबद्दल एक कथा सगळ्यांना माहीत असते. ती इतकी गोरी होती की विडा खाल्ला की पानाचा लाल रस गळ्यातून उतरताना बाहेरून दिसायचा. अशीच कथा इतरही सुंदर बायकांबद्दल सांगतात, पण महाराष्ट्रात ती मस्तानीला चिकटली. काचेच्या ग्लासातून खाली उतरणारा आंब्याचा रंग बघितला की ही कथा कुणालाही आठवेल.

तिच्या नावाच्या या ग्लासात तिनं स्वतः चाखलेलं काय असेल? दूध, आंबा, केशर, बदाम. आईस्क्रीम तिला ठाऊक नव्हतं. आणि चॉकलेट तर नाहीच. ती पुण्यात होती तेव्हा लंडनमधले श्रीमंत लोक चॉकलेट हाऊसमध्ये बसून गरम चॉकलेट पीत होते. १६९३ ला सुरू झालेलं व्हाइट्स हे त्यातलं गाजलेलं ठिकाण. तेव्हा चॉकलेट खायचं नसे, प्यायचंच असे. कोकोची पूड स्वस्तात करायची युक्ती व्हान हौटेन या डच घराण्यानं १८२८ मध्ये काढली, आणि मग कुठे कोकोचा डबा घराघरांत पोहोचला.

म्हणून चॉकलेट मस्तानी हे तिच्या नावाचं सगळ्यात नवं रूप म्हणायला हरकत नाही. हा ग्लास घरी, एका माणसापुरता, अगदी सुरुवातीपासून करता येतो. शिरूर-दौंड पट्ट्यात सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दुधाची किटली जाते, तिथे तर ताज्या दुधाची अडचणच नाही.

एका ग्लासासाठी दोन चहाचे चमचे बिनसाखरेची कोको पावडर, दोन चमचे साखर आणि चिमूटभर मीठ पातेल्यात घ्यायचं. त्यात दोन-तीन चमचेच गरम दूध घालून आधी घोटून गुळगुळीत पेस्ट करायची. ही पायरी चुकवू नका. कोकोत स्निग्धांश असतो, त्यामुळे कोरडी पूड एकदम दुधात टाकली तर ती वर तरंगते आणि गुठळ्या होतात. पेस्ट झाली की उरलेलं दूध, सगळं मिळून २०० मिलिलिटर, थोडं थोडं घालत ढवळायचं. मंद आचेवर उकळी आली की दोन-तीन मिनिटं तसंच ठेवायचं. कोकोतल्या पिष्टामुळे दूध थोडं दाट होतं आणि कच्चा वास जातो. डार्क चॉकलेटचे दोन तुकडे असतील तर गॅस बंद करून त्यात विरघळवायचे.

याच वेळी कपात ओतलं तर ते झालं हॉट चॉकलेट. थंडीच्या दिवसांत इथेच थांबा.

मस्तानी हवी असेल तर साखर अर्धा चमचा जास्त घाला, कारण गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो. मग हे दूध फ्रीजमध्ये चांगलं गार करा, आईस्क्रीमच्या एका गोळ्याबरोबर मिक्सरमधून फिरवा, उंच ग्लासात ओता आणि वर दुसरा गोळा सोडा. चमचा आणि स्ट्रॉ दोन्ही द्या.

मस्तानीच्या आयुष्यावर पुस्तकं आली, नाटकं झाली. १९७२ ला ना. सं. इनामदारांची राऊ कादंबरी आली आणि २०१५ ला संजय लीला भन्साळींचा सिनेमा. सिनेमात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या आणि त्यावरून वादही झाला. पण पाटसच्या रस्त्यावरून जाताना, इथे ती पहारा चुकवून आली होती, हे आजही फार कमी जणांना आठवतं.

पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे, तो बघायला लोक लांबून येतात. त्याच गावात मस्तानीची कबर आहे. हिंदू तिला समाधी म्हणतात, मुसलमान मजार म्हणतात. जिवंतपणी ती कुणाच्या पंगतीची हे कुणाला ठरवता आलं नाही, गेल्यावर मात्र दोघांनीही तिला आपलं म्हटलं.

पुढच्या वेळी मस्तानी प्यायला गेलात की आजूबाजूला बघा. कोण कुठल्या जातीचा, कोण कुठल्या धर्माचा, कुणी विचारत नाही. सगळे एकाच काउंटरवर उभे असतात आणि सगळ्यांच्या तोंडी तिचंच नाव असतं.